दुसऱ्याचे पोट

मित्रांनो, दोरीवर उडतो तो पतंग मी नव्हे. मी टाचणीवर बसलेली एक जुनी पतंग आहे, आणि मादी आहे. मादी आहे हे आत्ताच सांगून ठेवते, कारण माझ्या सगळ्या दुर्दैवाची गाठ पुढे याच गोष्टीपाशी येऊन पडते. माझे पंख पसरले तरी तुमच्या अंगठ्याच्या नखावर मावतील. रंग धुळीचा, त्यावर काळसर शिंतोडे, आणि पुढच्या पंखाच्या टोकाशी एक फिकट आकडी. मला पाहून कुणी ‘किती सुंदर’ म्हटल्याचे मला आठवत नाही. एका मोठ्या संग्रहालयातल्या लाकडी खणात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी राहते. आणि मला पोट नाही. एक माझे होते, ते गेले. मग दुसऱ्याचे मिळाले, तेही गेले.

माझा जन्म भिंतीवरचा. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राच्या मागच्या अंगाला एक जुनी दगडी टाकी होती. तिची एक भिंत उन्हाला पाठ करून उभी होती आणि बारा महिने पाझरत होती. त्या ओलीवर शेवाळ वाढले होते. डबक्यात तरंगते ते बुळबुळीत शेवाळ नव्हे. दाट, उबदार दिसणारे, हात फिरवावासा वाटेल असे मखमली शेवाळ. आमची अख्खी जात त्या मखमलीवर पोसली जात होती. अळी असताना मी शेवाळाच्या बुडाशी रेशमाची बारीक नळी विणून राहत असे. भूक लागली की डोके बाहेर काढायचे, समोरचे पान कुरतडायचे आणि परत आत. जग म्हणजे शेवाळ आणि शेवाळ म्हणजे जेवण, इतका सोपा हिशेब होता.

त्या केंद्राच्या प्रयोगशाळेत एक बाई पाण्याची तपासणी करत असे. पाणी किती गढूळ, त्यात औषध किती उतरले, हे पाहण्याचे तिचे काम. बोलणे कमी, पाहणे फार. दुपारचा डबा खाऊन झाला की बाकीचे लोक पाय ताणून बसत आणि ती भिंग घेऊन आमच्या भिंतीपाशी येई. तिच्याबरोबरचे लोक तिला शेवाळेबाई म्हणत. तिच्या कानावर ते गेले होते, आणि तिने ते मनाला लावून घेतले नव्हते. मी तिला ताई म्हणते. तिने मला मारले, तरीही ताईच म्हणते.

ताईला आमच्या नळ्या सापडल्या तो दिवस मला आठवतो. ती भिंतीला नाक लावून उभी होती आणि तिचा श्वास माझ्या नळीवर येत होता. शेवाळ खाणाऱ्या पतंगांविषयी तिला कॉलेजपासून माहिती होती. आमची एक चुलत जात सगळीकडे आढळते, तीही तिने पाहिली होती. पण चुलत जातीच्या अळीचे डोके काळे असते आणि आमचे तांबूस होते. ज्याला घाई असते त्याला हा फरक दिसत नाही. ताईला कधीच घाई नसे.

तेवढ्यात भिंतीवर संक्रांत आली. टाकी गळते म्हणून केंद्राच्या अभियंत्याने ती भिंत घासून, धुऊन, वरून गिलावा करायचे ठरवले. माणूस वाईट नव्हता. गळणारी टाकी दुरुस्त करणे हे त्याचे कामच होते. ताईने त्याला भिंतीपाशी आणून आमच्या नळ्या दाखवल्या आणि एका कोपऱ्यातला तरी तुकडा सोडा, अशी विनंती केली. त्याने भिंगातून पाहिले, त्याला काहीच दिसले नाही, पण दिसल्यासारखी मान हलवली.

“बाई, वरून विचारलं तर मी काय सांगू?” तो म्हणाला. “किड्यांची गैरसोय होते म्हणून टाकी गळती ठेवली? तुमच्या त्या तज्ज्ञांकडून लिहून आणा, की हा किडा दुसरीकडे कुठे सापडत नाही. मग तो कोपरा सोडायला सांगतो. तोवर थांबतो.”

आणि तो खरोखर थांबला. एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

मग ताईने शेवाळाचा एक लहानसा तुकडा नळ्यांसकट खरवडला आणि आम्हाला काचेच्या बरणीत घालून घरी नेले. तिने जास्त नळ्या घेतल्या नाहीत. भिंत वाचवायची म्हणून भिंतच लुटायची, हे तिला पटेना. सज्जन माणसांच्या हातून अनर्थ होतो तो असाच, सज्जनपणाच्या पोटी.

बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली गेली, तोंडाला पातळ फडके आणि रबर. घरात ताई आणि तिची आई अशा दोघीच होत्या. आईला आमचे येणे मुळीच आवडले नव्हते. पिठाच्या डब्याशेजारी अळ्या ठेवतं का कुणी, असे ती म्हणे. “लोकांच्या मुली स्थळं बघतात, आमची भिंती बघते,” हेही म्हणे, आणि ताई हसून पाण्याचा फवारा बरणीवर मारी. पण ताई कामावर गेली की हीच आई फडक्याला हात लावून पाही आणि कोरडे वाटले तर स्वतःच फवारा मारी. त्या वेळी ती आम्हाला उद्देशून काहीबाही पुटपुटे. ‘घ्या, पाहुणे,’ एवढे मला ऐकू येई.

बरणीत आमचे दिवस फारसे बरे गेले नाहीत. माझ्या शेजारच्या नळ्यांतून पतंग निघालेच नाहीत. निघाल्या त्या बारीक गांधीलमाश्या. त्यांच्या आयांनी भिंतीवरच आमच्या अंगात अंडी घातली होती. एक एक नळी अशी फसवी निघाली की ताई बराच वेळ बरणीकडे पाहत बसे. शेवटी मी एकटी उरले. मी कोशातून बाहेर आले तेव्हा ताई अंघोळीला गेली होती आणि आई कणीक मळत होती.

“अगं, तुझं ते निघालं बघ,” आईने हाक मारली. मग पिठाचे हात मागे घेऊन ती वाकली आणि म्हणाली, “दिसायला अगदीच साधी आहे गं.”

ताई ओल्या केसांनी धावत आली. भिंगातून पाहताना तिच्या केसांतले पाणी फडक्यावर टपकत होते. माझ्या पंखावरची फिकट आकडी तिने पाहिली, मग बरणी फिरवून पुन्हा पाहिली. आईने विचारले, काय झाले? तेव्हा ती म्हणाली, “आई, ही बहुतेक कुणालाच माहीत नाही.”

त्यानंतर तिने मला मारले. यात लपवण्यासारखे काही नाही. लहान पतंगाची ओळख पटवायची तर तो स्थिर असावा लागतो, आणि आम्ही जिवंतपणी स्थिर नसतो. औषधाचा बोळा घातलेल्या कुपीत तिने मला ठेवले. ठेवताना ती म्हणाली, “एकटीच जीव देतेस हं. बाकीच्यांना वाचव.” तेव्हा मला वाटले, सौदा वाईट नाही. माझ्या पोटात अंडी होती. ती मी कधी घालणार नव्हते. पण भिंतीवर माझ्या बहिणी होत्या. एकीच्या बदल्यात सगळ्या, असा तो सौदा होता. मित्रांनो, मी माझा वाटा पूर्ण दिला.

ताईने माझे पंख कागदाच्या पट्ट्यांखाली पसरून वाळवले. केसाएवढ्या बारीक टाचणीने मला टोचले. खाली लहानशी चिठ्ठी लावली, तिच्यावर जागा, दिवस आणि ‘शेवाळावर वाढवली’ असे मुंगीच्या अक्षरात लिहिले. संग्रहालयात ताईचे जुने सर होते. सूक्ष्म पतंगांमध्ये त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. ताई मला स्वतः घेऊन जाणार होती. पण त्याच आठवड्यात आईच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले, आणि आईला एकटी टाकून जाणे शक्य नव्हते. मग डबीत कापूस, डबीबाहेर कापूस, त्यावर खोका, असे करून तिने मला पार्सलने पाठवले. खोक्यावर चारी बाजूंनी ‘नाजूक’ लिहिले. ज्यांनी तो खोका फेकला त्यांनी ते वाचलेही असेल.

वाटेत कुठेतरी एक जोराचा दणका बसला आणि माझे पोट तुटले. वाळलेल्या पतंगाचे पोट तुटायला फार लागत नाही. ते घरंगळले आणि कापसात जाऊन रुतले.

संग्रहालयात खोके उघडणारा जो माणूस होता त्याला सगळे डिंक्या म्हणत. नमुने टाचणे, पसरणे, मोडलेले सांधणे, हे त्याचे काम, आणि त्याच्या हाताला खरोखर तोड नव्हती. तुटलेली मिशी तो अशी बसवी की स्वतः पतंगालाही कळू नये. पण त्याला सरांची धास्ती होती. खणात एखाद्या पतंगाचा पाय कमी दिसला की सर सगळ्यांसमोर विचारत, “हा पाय कुणी खाल्ला?” आणि लोक हसत. पाय वाटेत तुटला असेल, दहा वर्षांपूर्वी तुटला असेल, बोलणी मात्र डिंक्याला बसत. हळूहळू त्याने ठरवून टाकले होते की सरांच्या टेबलावर मोडका नमुना जाताच कामा नये.

तसा नियम साधा आहे. पोट तुटले तर ते लहानशा कुपीत घालायचे आणि कुपी त्याच टाचणीवर, नमुन्याच्या खाली लावायची. पोट सापडले नाही तर चिठ्ठीवर तसे लिहायचे. डिंक्याला हा नियम पाठ होता. पण कुपी लावलेला नमुना म्हणजे मोडलेला नमुना, आणि मोडलेला नमुना म्हणजे बोलणी.

त्या दिवशी त्याच्या टेबलावर आमच्या चुलत जातीचा एक जुना खण दुरुस्तीला आला होता. त्याने माझी डबी उघडली, मला बाहेर काढून टिपकागदावर उभे केले आणि कापूस, खोका, सगळे कचऱ्याच्या टोपलीत टाकले. मग त्याच्या लक्षात आले की मला पोट नाही. त्याने इकडेतिकडे पाहिले. टिपकागदावर एक धुरकट पोट पडलेले होते. ते चुलत जातीच्या एका नराचे होते. डिंक्याला वाटले, माझेच. दुसऱ्या कुणाचे असणार? त्याने सुईच्या टोकावर डिंकाचा थेंब घेतला, श्वास रोखला, आणि ते माझ्या अंगाला जोडून टाकले.

मी मादी, आणि मला नराचे पोट. मी ओरडले असते, पण आम्हाला जिवंतपणीही आवाज नसतो.

संध्याकाळी चुलत जातीचा खण परत ठेवताना एक नर त्याला बिनपोटाचा दिसला. क्षणभर तो थबकला. मग ‘जुनंच असेल’ असे स्वतःशी म्हणून त्याने खण ढकलला. टोपलीतला कापूस झाडूवाल्याने नेला. माझे खरे पोट अंड्यांसकट त्या कापसात होते.

सरांनी मला पाहिले. पंखावरची आकडी त्यांच्याही डोळ्यांत भरली असावी, कारण त्यांनी मला दोनदा प्रकाशाखाली फिरवले. पण या विद्येत पंखांवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. पंख झिजतात, रंग उडतात, खुणा बदलतात. खरी ओळख पोटाच्या शेवटच्या भागातल्या बारीक अवयवांवरून पटते. ते जातीजातीचे वेगळे असतात. म्हणून सरांनी पोट मोडून घेतले आणि कॉस्टिकच्या द्रावणात उकळले. त्याबरोबर डिंकही विरघळला. डिंक्याच्या कामाचा एवढाच काय तो पुरावा होता. मग काचपट्टीवर ते अवयव ठेवून त्यांनी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला.

त्यांनी ताईला फोन केला तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच होते. त्यांचा आवाज मऊ होता. त्यांचा जीव होता तिच्यावर.

“नाही गं, नवीन नाही. आपली नेहमीचीच आहे,” ते म्हणाले. पलीकडून ताई काहीतरी सांगत राहिली. अळीचे डोके, पंखावरची आकडी, असेच असणार. सरांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “पंख फसवतात. पोट खोटं बोलत नाही. मीच शिकवलंय ना तुला?”

ताईने फोन ठेवला असावा, कारण सरांनीही ठेवला. मला चुलत जातीची चिठ्ठी लागली आणि चुलत जातीच्या खणात जागा मिळाली. माझ्या शेजारी तोच बिनपोटाचा नर होता. त्याचे पोट माझ्या नावावर काचपट्टीवर बसले होते. आम्ही दोघे वर्षानुवर्षे एकमेकांशेजारी उभे होतो. त्याला काही सांगायचे असेल तर तेही त्याने सांगितले नाही.

काळ गेला. एके दिवशी खण उघडला तो ताईच्या हातांनी. केस बरेच पिकले होते. केंद्राच्या पाण्यात सापडलेले काही किडे ती सरांना दाखवायला घेऊन आली होती, आणि जाता जाता तिने मला पाहायची परवानगी मागितली होती. सहज, भेटायला म्हणून. तिच्या मनात शंका नव्हती. सरांच्या शब्दावर तिने कधीच शंका घेतली नव्हती. तिने मला उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. आकडी पाहिली. मग मला उलटे केले.

मित्रांनो, पतंगाचा मागचा पंख पुढच्या पंखाला राठ केसांनी अडकवलेला असतो. उडताना दोन्ही पंख एकत्र हलावेत म्हणून ही सोय. आमच्या कुळात नराला असा एकच जाड केस असतो आणि मादीला शेजारी शेजारी बारीक केस असतात, एकाहून जास्त. ताईने माझ्या पंखाच्या बुडाशी पाहिले. तिने भिंगाचे चाक मागेपुढे केले आणि पुन्हा पाहिले. मग कपाटातून माझ्या नावाची काचपट्टी काढून दुसऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पट्टीवर नराचे अवयव होते.

ती खुर्चीत मागे टेकून बसली. मग तिने डिंक्याला बोलावले. तोही आता थकला होता, जाड चष्मा लागला होता. तिने विचारले, “हिचं पोट तुम्ही चिकटवलं होतं?”

डिंक्याने वाकून मला पाहिले. त्याला मी आठवले. चांगल्या कारागिराला आपले प्रत्येक काम आठवते.

“हो, ताई. पार्सलात तुटलं होतं. टेबलावर पडलेलं मिळालं, नीट बसवलं,” तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जराशी ऐट आली. “सरांनाही कळलं नाही. जोड दिसला का तुम्हाला कुठं?”

“नाही,” ताई म्हणाली. “जोड दिसला नाही.”

तिने त्याला दोन्ही भिंगांतून दाखवले तेव्हा त्याची ऐट उतरली. तो टेबलाची कड धरून उभा राहिला. तुमचं काम बिघडू नये म्हणूनच केलं ताई, एवढेच तो पुनःपुन्हा म्हणत होता. ताईने त्याला खुर्ची दिली.

सर आले. त्यांनी केस पाहिले, पट्टी पाहिली, पुन्हा केस पाहिले. त्यांनी कबूल केले की त्या वेळी त्यांनी मला उलटे केलेच नव्हते. पोट हातात आल्यावर बाकीची पतंग पाहायची गरज काय, असे त्यांना वाटले होते. मग त्यांनी डिंक्याकडे रागाने पाहिले. डिंक्याने मान खाली घातली. नेमके त्याच नजरेला भिऊन हे सगळे घडले होते.

“म्हणजे तुझंच बरोबर असेल,” सर ताईला म्हणाले. “पण आता या पतंगावरून काहीच सिद्ध होत नाही. पोट हिचं नाही, एवढंच सिद्ध होतं. तू दुसरी घेऊन ये. मी लगेच नोंद करतो. तुझं नाव देईन तिला.”

“भिंत नाही राहिली, सर.”

“थोडं तरी शेवाळ सोडलं असेल की कोपऱ्यात.”

“सोडणार होते. अभियंते थांबले होते माझ्यासाठी.” ताईचा आवाज पाण्याची तपासणी वाचून दाखवावी तसा सपाट होता. “तुमचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी मीच जाऊन सांगितलं त्यांना. साधीच जात आहे म्हटलं, घासा. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना बाई? मी नक्की म्हटलं.”

ताईने त्यांना बोल लावला नाही. भिंत गेल्यानंतरच्या वर्षांत तिने गावोगावच्या ओल्या भिंती पाहिल्या होत्या, चुलत जात तिला सगळीकडे भेटली होती. तांबूस डोक्याची अळी कुठेही भेटली नव्हती. तेव्हा तिला वाटे, आपणच पाहण्यात चुकलो असू. इतकी वर्षे ती स्वतःच्या डोळ्यांवर रुसून होती.

तिने चुलत जातीची चिठ्ठी काढली आणि नवी लिहिली. अक्षर अजून मुंगीचेच होते. ‘मादी. शेवाळावर वाढवली. पोट हरवले, काचपट्टीवरचे पोट दुसऱ्याचे. जात अनिश्चित.’ ज्यांची ओळख कधी पटणार नाही असे नमुने एका वेगळ्या खणात ठेवतात. तिथे मी आले. येताना डिंक्याने एक पारदर्शक कुपी आणली आणि माझ्या टाचणीवर लावली. तिच्यात घालायला काही नव्हते. ताईने त्याला अडवले नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, मोडल्या तर जोडा, असे तुम्हाला सगळेच सांगतील. माझे मागणे वेगळे आहे. तुकडा कुणाचा हे माहीत नसेल तर तो जोडू नका. मोडलेल्याला मोडलेले राहू द्या आणि तसे लिहून ठेवा. आणि कुणाच्या हातून पाय मोडला म्हणून त्याला चारचौघांत इतके बोलू नका, की पुढच्या वेळी तो बिनजोड खोटे जोडून आणेल. तुम्ही पुढे मोठे व्हाल, शेवटचा शब्द तुमचा मानला जाईल. तेव्हा समोरचे एकदा तरी उलटे करून पाहा. त्याला काही वेळ लागत नाही. माझ्या बाबतीत तेवढा वेळ कुणी दिला असता, तर त्या भिंतीचा कोपरा आज ओला असता.

आता हा खण क्वचितच उघडतो. उघडला की नवा माणूस हमखास विचारतो, ही कुपी रिकामी का लावली आहे, काढून टाकू का? तेव्हा कुणीतरी त्याला माझी चिठ्ठी वाचायला सांगते. तो वाकून वाचतो आणि खण हळू लोटतो. कुपी रिकामी आहे हे खरे. पण पोटाच्या जागी मला जे जे लागले, त्यात तेवढीच एक माझी आहे.